अदोमाचा बांध

रविवारी मी ओसरीवर बायबल वाचत बसलो की शेजारचे भाऊ येतात आणि काठीवर हनुवटी टेकून ऐकतात. मेंढरं विकून आता ते कांदा करतात. राजे, लढाया यांचं त्यांना काही नाही. मध्येच थकल्या आवाजात विचारतात, "मंग मेंढरांनी पाणी कुठं पेलं?"

इस्राएल लोकांनी अदोमाच्या, म्हणजे आपल्याच मूळपुरुषाच्या भावाच्या वंशजांच्या, मुलखातून जायला वाट मागितली, ती गोष्ट भाऊंच्या जिव्हारी लागली. शेतात शिरणार नाही, विहिरीला हात लावणार नाही, असं सांगूनही अदोम आडवा आला. "सख्ख्या भावाची औलाद असून!" ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

परवा त्यांच्याच भावकीतला एक जण कळप घेऊन त्यांच्या बांधाशी आला. "दादा, वढ्यापर्यंत जाऊ द्या. पिकात एक मेंढरू शिरणार न्हाई."

भाऊ काठी आडवी धरून उभे राहिले. कळप लांबचा वळसा घालून गेला. मी ओसरीवरून बघत होतो.

या रविवारी ते आले, पण मी बायबल उघडलं नाही. काठीवर हनुवटी टेकून तेच म्हणाले, "राव, त्या अदोमाचा बी कांदा काढणीला आला असंल."