ग्रुपवर टाकलं होतं!

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग लागतो, फुटलेल्या काचांचा आणि किश्शांचा. काचा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्या डोक्यात साठतात आणि गिऱ्हाईक नसलं की बाहेर पडतात. आता बसलाच आहात, तर ऐका.

आमचं गाव श्रीगोंद्याकडचं. बाजाराला आम्ही काष्टीला जातो, पण राजकारणासाठी कुठं जावं लागत नाही. समोर ग्रामपंचायत, शेजारी पिठाची गिरणी आणि मधे माझं दुकान. बाई मोबाईल खोलते म्हटल्यावर सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. बघा की! जाताना काच बसवून घ्या म्हणजे झालं.

*

बाबूतात्यांचा रेडिओ बिघडला. जुना सेट, पार्ट कुठून आणू? म्हटलं, "तात्या, आता टीव्हीवर बघा बातम्या."

"टीव्हीवाला प्रश्न इचारतो आन् उत्तर देऊ देत न्हाई. रेडिओ कसा, बातमी सांगतो आन् गप बसतो. पुढचं आमी ठरवितो."

पटलं मला. मग मी त्यांच्या मोबाईलमध्येच रेडिओ सुरू करून दिला. तात्या खूश होऊन गेले आणि दोन दिवसांनी तणतणत परत आले.

"ताई, ऐन बातम्यांच्या टायमाला ह्याच्यात पोरीचा फोन येतो!"

"मग काय करू, तात्या?"

"रेडिओ ऱ्हाऊ दे. फोन काढून टाक!"

*

नसीमभाभी मागच्या वस्तीत राहतात. घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याबरोबर भिंगारला. नवरा तिकडं गवंडीकाम करतो, शनिवारी घरी येतो. त्याच्या फोनला रिचार्ज मारायला भाभी माझ्याकडे येतात.

त्या दिवशी हंडा कमरेवर घेऊनच आल्या. मागच्या वस्तीला नळ नाही. रस्त्यावरच्या नळावरून किती खेपा होतात, ते त्यांच्या कमरेला विचारा! गावात नवी पाण्याची लाईन येणार होती. ती वस्तीत न्यायची की पुढच्या प्लॉटिंगकडं, हे ग्रामसभेत ठरायचं होतं.

"ताई, सभा कधी हाय?"

"भाभी, काल होती! माणसंच आली नाहीत, म्हणून तहकूब झाली."

"आमाला कुनी सांगितलं न्हाई."

"ग्रुपवर टाकलं होतं म्हणे."

भाभींनी हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. "मग ग्रुप भिंगारला गेला आसंल!"

मी हसले खरी, पण आतून चरकले. तहकूब झालेली सभा परत भरते, तेव्हा माणसं कमी असली तरी चालतात. म्हणजे काल आलेले चार जणच बसून लाईन ठरवणार, आणि ते चारही प्लॉटिंगवाले. भाभींना हे सांगितलं, तर त्या हंडा सावरून नळाकडं निघाल्या. मला फार वाईट वाटलं.

*

शिंदे सर निवृत्त मास्तर. रोज दोन पेपर घेतात. एकाचं सगळं त्यांना पटतं, दुसऱ्याचं अक्षरसुद्धा पटत नाही. मुलाकडं सावेडीला राहायला गेले तरी दोन्ही लागतात.

न राहवून विचारलं, "सर, न पटणारा कशाला घेता?"

"डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलंय. तो वाचून निघालो की पाय आपोआप भरभर पडतात!"

*

आमचे ग्रामसेवक, म्हणजे भाऊसाहेब, चार्जर घ्यायला आले. मी वाटच बघत होते.

"भाऊसाहेब, मागच्या वस्तीतल्या बायकांना सभेचं कळलंच नाही हो."

"असं कसं? ग्रुपवर टाकलं होतं! हे बघा, किती अंगठे आलेत."

खरंच, खालपर्यंत अंगठेच अंगठे. म्हटलं, "पूर्वी अंगठा द्यायला निदान माणूस तरी यायचं!"

भाऊसाहेब माणूस वाईट नाही. ओशाळून म्हणाले, "पुढची सभा सोमवारी आहे. दुसरा काही मार्ग असेल तर सांगा, मी अडवणार नाही."

*

दत्तू ग्रामपंचायतीची कचरागाडी चालवतो. त्याचा फोन सारखा हँग होतो, कारण गावातल्या तिन्ही पक्षांच्या ग्रुपवर हा आहे.

"दत्तू, दोन ग्रुप सोड की. एक बास झाला."

"न्हाई ताई. ह्यो ग्रुप त्या दोघांचं खरं सांगतो, त्यो ग्रुप ह्या दोघांचं. सोताचं खरं कोनच सांगत न्हाई! तिन्ही वाचलं म्हंजी हिशोब जुळतो."

एवढ्यात नसीमभाभी आल्या. दत्तूला बघून थबकल्या आणि एकदम म्हणाल्या, "ताई, आमच्या वस्तीतल्या समद्या बाया एका टायमाला घराभाईर कधी येतात सांगा?"

"कधी?"

"ह्याची गाडी आल्यावर!"

मला टाळीच वाजवावीशी वाटली. गाडीला भोंगा आहे, त्यावर कचऱ्याचं गाणं वाजतं. त्या गाण्याच्या जागी सभेचं सांगायचं, बस्स! तिथंच रेकॉर्डिंगला बसलो. पहिल्यांदा भाभी इतक्या हळू बोलल्या की शेजारची गिरणीच ऐकू आली. दुसऱ्यांदा लाजून हसल्या. तिसऱ्यांदा मात्र डोळे मिटून खणखणीत बोलल्या: "बायांनो, सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीत सभा हाय. पान्याची लाईन ठरायची हाय. समद्याजनी या, न्हाईतर हंडा हायच डोक्यावर!"

समोर ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचबाईंना ऐकवलं, त्यांनी मान डोलावली. दत्तूनं पेनड्राईव्ह खिशात घातला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीवर तेच वाजू लागलं.

*

सोमवार उजाडला. सभेची वेळ झाली आणि हॉलमध्ये कोण? तेच चार जण. भाऊसाहेब घड्याळ बघतायत, मी दारात उभी. म्हटलं, गेली भाभींची लाईन!

तिकडं दत्तूच्या मनात वेगळंच. गावातला तो मतदार, त्यालाही सभेला बसायचं होतं. मग गाडी वस्तीवर नेलीच नाही पठ्ठ्यानं! वस्तीच्या कडेनं भोंगा वाजवत थेट ग्रामपंचायतीकडं निघाला. कचरा टाकून मग सभेला जायचं म्हणून वस्तीतल्या बायका नेहमीप्रमाणे बाहेर आल्या, तर गाडी पुढं पळतेय! ओरडून ऐकेना, म्हणून सगळ्या बादल्या घेऊन तिच्या मागं धावल्या. गाडी ग्रामपंचायतीसमोर थांबली. दत्तू उडी मारून उतरला, गाडीला कुलूप लावलं आणि हॉलमध्ये जाऊन बसला. आणि त्याच्या मागोमाग अख्खी वस्ती आत!

पुढं नसीमभाभी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येकीच्या एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका. कालच्या माशांचा वास सगळीकडं पसरला. चौघांपैकी एकानं उठून खिडकी उघडली आणि ती उघडीच धरून उभा राहिला.

भाऊसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भाभी, बादल्या बाहेर ठेवा. मग सभा सुरू करू."

भाभी जागेवरून हलल्या नाहीत.

"आदी लाईन ठरवा, भाऊसाहेब. तवर कचरा हितंच!"

भाऊसाहेबांनी सरपंचबाईंकडं पाहिलं. सरपंचबाई पदराआडून हसत होत्या.

"मागच्या वस्तीला पाण्याची लाईन," भाऊसाहेब एका दमात म्हणाले. "मंजूर असलेल्यांनी हात वर करा."

सगळ्या बायकांनी हात वर केले. बादल्यांसकट!