कोलोनचं कोस्टर

सायमनचा तो बिअरचा ग्लास हातात घेतलेला फोटो टाकणं बंद करा.

सकाळपासून पाच जणांनी टाकलाय. "चिअर्स मेट." "लेजंड." एकाने तर "वरही पार्टी चालू असेल" असं लिहिलंय.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. लिव्हरने गेला. सगळ्यांना माहीत आहे, तरी तुम्हाला ग्लासवालाच फोटो सापडतो.

तो फोटो मी काढलाय. म्हणून तुमच्यावर चिडायचा हक्कही मला फारसा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सायमन वसईचा, मी ठाण्याचा. सिडनीला युनिव्हर्सिटीत भेटलो आणि वेंटवर्थव्हिलला दोन वर्षं एका खोलीत काढली. मग तो डार्विनला हॉस्पिटलमध्ये नर्स झाला, मी पॅरामॅटाच्या एका ऑफिसला चिकटलो.

ऑफिसने मला मध्ये जर्मनीला धाडलं, तेव्हा तो सुट्टी काढून भेटायला आला. बायकोला न घेता, एकटाच. का एकटा, हे मी विचारलंसुद्धा नाही.

मी हरखून गेलो होतो. दहा दिवसांचं एक्सेल तयार. कोलोन, बामबर्गची धुराच्या वासाची बिअर, चेकमधलं पिल्सन, शेवटी म्युनिकचा बिअरचा मेळा, ऑक्टोबरफेस्ट. रोज एक ब्रुअरी, जमलं तर दोन.

तो म्हणाला, कोलोनचं मोठं चर्च बघू. ते मी "वेळ उरला तर" या कॉलममध्ये टाकलं.

वेळ उरला नाही.

कोलोनच्या बिअर हॉलमध्ये एक पद्धत आहे. ग्लास छोटे असतात. रिकामा झाला की वेटर न विचारता भरलेला आणून ठेवतो. पुरे झालं की ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती, म्हणजे कोस्टर, ग्लासवर ठेवायचं, मग तो आणत नाही. पुन्हा विचारतही नाही.

ही पद्धत सायमनला मीच कौतुकाने समजावली.

पहिल्या ग्लासातला एक घोट घेऊन त्याने वर कोस्टर ठेवलं.

"बस मला."

"बस काय? वसईचा ना तू? गावाचं नाक कापशील."

तो हसला. मी कोस्टर उचललं आणि माझ्या खिशात टाकलं.

आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला की वाढायचंच असतं. पंगतीत पानावर आडवा धरलेल्या हाताच्या बोटांमधून वाढणारी माणसं आपण. माझी आई जिलबी वाढायची, मी बिअर वाढली. आणि वर स्वतःला फार प्रेमळ समजत होतो.

"मंद्या, तुला एक सांगायचंय."

"सांग की. आधी हा संपव."

त्याने संपवला. वेटरने दुसरा आणला. मी म्हटलं, "आता स्माइल दे."

हाच तो फोटो. नीट बघा, ग्लास काठोकाठ भरलेला आहे.

बामबर्गला तो पुन्हा म्हणाला, "ऐक ना जरा." मी गाइडला प्रश्न विचारण्यात गुंग. म्युनिकला मेळ्याचा सगळा तंबू बाकांवर उभा राहून गात होता, हा खाली बसलेला. मी ओरडलो, "मूड घालवू नको यार!"

मग तो उठला. गायला. प्यायलाही, माझ्या बरोबरीने. मला वाटलं, चला, आला लाइनवर.

एअरपोर्टवर मला मिठी मारून म्हणाला, "मजा आली रे."

त्यानंतर दोन वर्षांनी डार्विनला त्याच्या फ्यूनरलला गेलो. ज्योती, त्याची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "चार महिने थेंब घेतला नव्हता त्याने. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला फोनवर नको, समोर बसून सांगतो म्हणाला, म्हणून तर आला होता. तिकडून आला आणि परत सुरू झाली. सांगितलं ना त्याने तुला? काय म्हणालास तू?"

मी म्हणालो, "काळजी घे म्हटलं."

नवरा गेलेल्या बाईशी मी चर्चच्या दारात खोटं बोललो.

ते खोटं मी वर्षभर पोसलं. आज सकाळी तिला फोन केला. कोस्टर, खिसा, वसईचं नाक, सगळं सांगितलं.

मग तिने विचारलं, "ते कोस्टर आहे अजून?"

आहे. आठवण म्हणून माझ्या फ्रिजवर चिकटवलंय.

"पाठव मला. ते त्याचं आहे. आणि त्या फोटोवर चिअर्स लिहितायत ना, त्यांना पण सांग."

सांगितलं.

कोस्टर पाकिटात घातलंय, आज आर्व्होला, म्हणजे दुपारी, पोस्टात टाकतो. तिने माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

सायमन, शांतपणे विसावा घे. तू पुरे म्हणाला होतास. मला ऐकू आलं होतं.