टोळीचं तेल आणि अब्बांची तोफ

आमच्या लेथच्या कारखान्यात शटरच्या आत, उजव्या हाताला एक सागवानी फळी होती. गिऱ्हाइकानं परत आणलेलं काम त्या फळीवर ठेवायचं, असा अब्बांचा नियम. लपवायचं नाही, मागं सारायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की मिस्त्रीच्या हातून काहीतरी चुकलं आहे. दुरुस्ती झाल्याशिवाय तो जिन्नस फळीवरून हलायचा नाही. आणि दुरुस्त झाला की अब्बा स्वतः तो गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायचे आणि तोंडानं सांगायचे, चूक माझी होती, सुधारली. अख्ख्या चंद्रपुरात इतका हट्टी माणूस दुसरा नसेल. मी त्यांचीच लेक, तेव्हा हट्टाचं मला काही नवल नाही.

ती फळी बहुतेक रिकामीच असायची, हेही सांगून टाकते. आरमोरीकडच्या धानगिरण्यांचे शाफ्ट, चिमूरकडच्या ट्रॅक्टरांचे जॅक, खाणीतल्या पंपांचे पिस्टन, सगळं आमच्याकडे यायचं आणि नीट होऊन जायचं. शेवटची तपासणी मात्र अब्बांचीच. मायक्रोमीटर लाकडी डबीत, डबी गल्ल्यात, गल्ल्याची चावी खिशात. जुन्या कारागिरांनाही त्यांच्या कामाचं माप घ्यायची मुभा नव्हती, मग माझी काय बिशाद! लहानपणी मी त्यावरून रुसून बसायचे. अम्मी म्हणायची, रुसण्यातही तू बापाच्या वरताण आहेस.

पुढे मी फिजिक्स शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याच कॉलेजात पीएचडीला लागले. विषय ऐकला की नातेवाईक गप्प व्हायचे. जोराच्या दाबाखाली तेल कसं वागतं, त्याची श्यानता आणि घनता किती बदलते, हे मोजायचं. श्यानता म्हणजे तेलाचा घट्टपणा, ते वाहायला किती कुरकुरतं ते. उघड्या बाटलीतलं तेल कोणीही मोजेल. पण गिअरच्या दातांमध्ये, जॅकच्या पोटात त्याच तेलावर भयंकर दाब येतो, आणि तिथं त्याचा स्वभावच पालटतो. आमच्या सरांच्या मनात होतं की आपल्या जंगलात मोहाची इतकी झाडं, लोक टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचून तिचं तेल काढतात, ते यंत्रांना चालेल का, हे कोणीतरी मोजून पाहावं. ते कोणीतरी म्हणजे मी.

त्यासाठी जाड पोलादाचं भांडं लागतं. आत आरशासारखी गुळगुळीत नळी, नळीत एक पोलादी गोळी, आणि तेलाला दाबायला एक दट्ट्या. भांडं उलटं केलं की गोळी तेलातून खाली सरकते. तिला जितका वेळ लागेल तितकं तेल घट्ट. दट्ट्या किती आत गेला यावरून तेल किती आकसलं, म्हणजे घनता किती वाढली, ते कळतं. गोळी आणि नळी यांच्यामधली फट केसाहून बारीक आणि सगळीकडून सारखी पाहिजे. सगळी मोजणी त्या फटीवर उभी. असं भांडं बाहेरून मागवणं कॉलेजच्या आवाक्यातलं नव्हतं. मी घरी नुसता विषय काढला, तर अब्बा म्हणाले, चित्र काढून दे.

कितीतरी महिने ते त्याच्या मागे होते. कारागिरांनी त्याचं नाव तोफ ठेवलं, आणि कॉलेजातही तेच नाव रुळलं. आधी हलक्या दाबाला मशीनचं तेल घातलं, एरंडेल घातलं, रीडिंग अशी सरळ रेषेत आली की सर आलेख भिंतीला लावून ठेवायचे. मी विभागात नाक वर करून फिरायचे. का फिरू नये? माझ्या बापानं केलेली तोफ होती ती.

मग भर उन्हाळ्यात टोळीच्या तेलाची पाळी आली आणि सगळं बिघडलं. थोड्या दाबाला सगळं ठीक. दाब वाढवला की जरा वेळानं दाबाच्या घड्याळाची सुई आपोआप खाली घसरायला लागायची, आणि भांडं उलटं केलं तरी गोळी जागची हलायची नाही. दाब सोडून उघडलं की आत काही नाही. तेल पातळ, नळी साफ, गोळी बोटानं ढकलावी तशी सरकते. किती वेळा केलं, तितक्या वेळा हेच. माझं डोकं फिरायची वेळ आली.

सरांनी शांतपणे दोन कारणं काढली. सुई घसरते, म्हणजे पॅकिंगमधून तेल गळतं. गोळी अडकते, म्हणजे नळी कुठंतरी नीट गोल नाही. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. वडिलांना सांगा, नळी पुन्हा घासून जरा मोठी करून द्या, असं ते म्हणाले. मी ड्रॉवर असा आपटला की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. नळी मोठी केली असती तर आधीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. पण राग त्याचा नव्हता. तोफ आता फळीवर जाणार, याचा होता.

अब्बांनी ऐकून घेतलं आणि तोफ फळीवर ठेवली. लेकीचं म्हणून त्यांनी नियम मोडला नाही. मी पंपही कॉलेजातून आणला होता. संध्याकाळी त्यांनी स्वतः तोफ फळीवरच पंपाला जोडली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, टोळीचं तेल भरून दाब दिला. सुई घसरली. कागद मात्र कोरडा ठणठणीत.

"गळालं नाई, तं तेल गेलं कुठी?" अब्बा म्हणाले. घरी आमची हिंदी, पण कारखान्यात पाऊल टाकलं की अब्बा माझ्याशीही गिऱ्हाइकांचीच मराठी बोलायचे.

 दुसऱ्या दिवशी आरमोरीकडचा एक म्हातारा शेतकरी, तोफ घडताना पाहिलेला, जॅक घेऊन आला, फळीकडे बघून म्हणाला, पोरीचंच काम परत आलं का भाऊ? अब्बांनी होकार दिला. तो बिचारा सहज बोलला होता, पण अब्बांनी दुपारी ताट तसंच सरकवलं. त्यांना काही दिवसांपासून चष्म्यातूनही बारीक रेघा नीट दिसत नव्हत्या, हे अम्मीला माहीत होतं, मला नव्हतं.

"हात गेला माझा, बेटा," ते म्हणाले. "शुक्रवारची नमाज झाली का नळी लेथवर चढवतो, तुले देऊन टाकतो. मंग बारीक कामं बंद."

 पीएचडी गेली चुलीत, ती पुन्हा करता आली असती. पण हे माणूस बारीक कामं बंद म्हणजे काय करणार होतं? ट्रॅक्टरचे बोल्ट काढत बसणार होतं?

गुरुवारी मी कॉलेजात गेले ती नुसती चिडून बसायला. बाहेर चंद्रपूरचं ऊन, पंख्याची हवासुद्धा भाजत होती. पाणी प्यायला विभागाचा फ्रिज उघडला. पाण्याच्या बाटल्यांशेजारी टोळीच्या तेलाची नमुन्याची बाटली होती, तेल खवट होऊ नये म्हणून सरांनी ठेवलेली. आतलं तेल गोठून पांढरं झालं होतं, आणि थिजलेल्या तुपाला पडतो तसा त्याच्या मधोमध खड्डा पडला होता.

मी फ्रिजचं दार धरून तशीच उभी राहिले. तेल कुठंच गेलं नव्हतं. ते गोठलं होतं, आणि गोठताना आकसलं होतं. आकसलं म्हणून दाब उतरला, गोठलं म्हणून गोळी अडकली, आणि दाब सोडला की वितळून पुन्हा साळसूद. थंडीत टोळीच्या तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला लावता येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मे महिन्यात, चंद्रपुरात, तेल गोठतं? हे कोणाच्या स्वप्नात येणार! थंडी जे करते तेच दाबही करतो, हे मी स्वतः पुस्तकात वाचलं होतं. इथल्या उन्हानं आम्हा सगळ्यांनाच ते विसरायला लावलं.

शुक्रवारी सकाळी अब्बांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले की फळीवरचं काम दुरुस्तीशिवाय कॉलेजात जाणार नाही. ठीक आहे, म्हटलं, मग इथंच बघू. कॉलेजात गोळी कुठं पोचली ते सांगायला विजेचं मीटर होतं. इथं ते नव्हतं. पण अब्बा इंजिनातला बिघाड कसा ओळखायचे, ते मी जन्मापासून बघत आले होते. पेचकसाचं टोक लोखंडाला, मूठ कानाला.

आधी जॅकचं तेल भरलं. टोळीच्या तेलात गोळी अडकायची तितकाच दाब दिला, वाट पाहिली, तोफ उलटी केली. अब्बा कान लावून बसले. जरा वेळानं त्यांच्या भुवया वर गेल्या, मी पेचकस घेतला तोवर गोळी तळाला टेकलीही होती. तोफ पुन्हा उलटी केली, तेव्हा मीही ऐकलं. टक्. नळी साफ होती, त्याच दाबाला.

मग टोळीचं तेल. तोच दाब. सुई घसरायला लागली. अब्बा पंप मारून तिला जागेवर आणत राहिले, आणि ती ठरली तेव्हा तोफ उलटी केली. काही नाही. कारागीर लेथ बंद करून भोवती जमले. मी किटलीतलं उकळतं पाणी तोफेवर गुंडाळलेल्या पोत्यावर ओतायला लागले. तेल तापलं तसा दाब चढायला लागला, अब्बा कॉक जरा जरा सोडून सुई तिथंच धरून राहिले. एक किटली संपली, अम्मीनं घरातून दुसरी पाठवली. पाणी ओतताना माझा हात भाजला, पण ते नंतर कळलं.  अब्बा डोळे मिटून, पेचकस कानाला लावून, तोफेवर वाकलेले.

मग त्यांचा चेहरा बदलला. तो मी कधी विसरणार नाही. त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला, तोफ उलटी केली आणि मला खूण केली. मी कान लावला. गोळी सरकत होती, आणि मग अगदी स्वच्छ ऐकू आलं, टक्.

अब्बा नमाजेला गेले. आल्यावर लेथकडे बघितलंही नाही. तोफ पुसली, फडक्यात बांधली, स्कूटरच्या पुढ्यात ठेवली आणि मला मागं बसवून कॉलेज गाठलं. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आनंदानं टेबलावर थाप मारली. टोळीचं तेल कोणत्या दाबाला, किती तापमानाला गोठतं, हा आता माझ्या प्रबंधातला सर्वांत मोठा भाग होणार होता, आणि झालाही. पण त्या घडीला मी अब्बांकडे बघत होते. फळीवरून उतरलेलं काम पोचवताना ते काय बोलतात, हे मला पाठ होतं.

त्यांनी तोफ टेबलावर ठेवली. खिशातून मायक्रोमीटरची लाकडी डबी काढली आणि तिच्याशेजारी, माझ्या बाजूला ठेवली.

"साहेब, चूक नाई," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं तपासलं."