सकाळची खुर्ची

सकाळच्या बॅचला खुर्च्या दहा, पेशंट दहा, आणि अकरावा माझ्या टेबलासमोर उभा होता. दिनेश, आमच्याच दुपारच्या बॅचचा पेशंट.

"मॅडम, कंपनीने कायमची सेकंड शिफ्ट लावलीय. तीनला कार्ड पंच. दुपारी यायला आता जमणार नाय. सकाळचं करा कायतरी, नायतर जॉब जाईल."

अंबरनाथच्या एका डायलिसिस सेंटरची मी मॅनेजर. किडन्या निकामी झाल्या की रक्त मशीनने साफ करावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. चुकवलं की अंगात पाणी साठतं आणि धाप लागते. आमची सकाळची बॅच सात ते अकरा, दुपारची बारा ते चार. दिनेशला सकाळी घ्यायचं तर त्या दहांपैकी एकाला दिनेशच्या दुपारच्या खुर्चीवर पाठवायला हवं. कोणाला, हे ठरवायचं काम माझं.

डॉक्टर म्हणाले, "मेडिकली सगळे सारखेच. तुम्हीच बघा."

टेक्निशियन रेश्मा शेजारच्या सिंधी वस्तीतली, कॅम्प पाचची. ती म्हणाली, "किसी को भी करो मॅडम, बस भांडण माझ्याकडे नको."

ट्रस्टी फोनवर म्हणाले, "फैसला आपका. कम्प्लेंट नहीं आनी चाहिए."

मी एक्सेल शीट केली. वय, अंतर, नोकरी, सोबत कोण येतं, सगळ्याला मार्क. मार्क बदलून तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा वेगळं नाव आलं. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी शीट बंद करून पारूबाईंचं नाव लिहिलं. पासष्टीच्या, राहायला बदलापूर गावात. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'पेशंट घरीच असते.' त्यांना सांगितलं तर "बरं बाय" एवढंच म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. बुधवारीही नाहीत. फोन कोणी उचलेना. शुक्रवारी मुलगा त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. पाय सुजलेले, धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी घाबरले. लगेच मशीनवर घेतलं. दोन तासांनी त्या बोलायच्या स्थितीत आल्या, तेव्हा मी जरा रागावूनच विचारलं, "का नाही आलात?"

"पानी दुपारी येतं, बाय. सून कंपनीत, पोरगा ड्युटीवर. मी नाय भरला त घरान कोन भरील?"

ज्या बाईला आम्ही दिवसाला मोजून चार पेले पाणी पिऊ देतो, ती घरचं पाणी भरायला थांबली होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा?"

मी पुन्हा पहिल्या जागेवर. पारूबाईंना सकाळी आणायचं तर दिनेशची नोकरी जाणार. सोमवारी सकाळी पारूबाईंना बोलावून बाहेर बसवलं आणि मशीन लावायच्या आधी वॉर्डच्या मधोमध उभी राहून सरळ विचारलं, "कोणाला दुपारी यायला जमेल का?"

शिरगावचे कदम सर, रिटायर्ड शिक्षक. त्यांनी पेपर खाली केला. "मला चालेल. उलट बरंच. सहाला घरून निघायचं जिवावर येतं."

"सर, मग आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमची काहीतरी सिस्टिम असेल."

सिस्टिम! कदम सरांचं नाव मी शीटमध्ये घातलंच नव्हतं. ते लेखी तक्रार करतात म्हणून.

सर उठले, पारूबाई त्यांच्या खुर्चीवर बसल्या. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पत्त्याच्या खाली हाताने लिहिलेला एक प्रश्न असतो: पाणी किती वाजता येतं?

रजिस्टरमधलं 'पेशंट घरीच असते' मी खोडलं नाही. त्याखाली खरं कारण लिहिलं, 'पेशंट तक्रार करत नाही,' आणि सही केली.