नाल्यातला पाहुणा

नदीत कासवं मोजायला गेलं की कासवं मोजकी मिळतात, किस्से मात्र ढीगभर. मी आणि केतकी दोन महिने बोरिवलीच्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो. नदीच्या तळालाही काँक्रीट करायचं ठरलं होतं. इथे अजून आपली देशी कासवं राहतात हे दाखवलं, तर तळ तरी वाचेल अशी आमची भाबडी आशा.

*

पहिल्याच दिवशी पिंजरा लावला, आत सुके बोंबील. सकाळी वर ओढला तर एक नारळ, एक चप्पल आणि निर्माल्याची पिशवी.

"तिन्ही स्थानिक प्रजाती," केतकी म्हणाली.

*

सापडलेलं कासव पुन्हा ओळखता यावं म्हणून पाठीवर नंबर टाकतात. आम्ही केतकीच्या लाल नेलपेंटने टाकायचो. पुलावरून एक काका बराच वेळ बघत होते.

"आमचं गटार तुंबलंय त्याला कोणी विचारत नाही," ते म्हणाले, "आणि इथे कासवांचं मॅनिक्युअर चाललंय."

काकांचं चुकलं असंही म्हणता येईना.

*

मिळायची ती बहुतेक लाल कानाची विदेशी कासवं. घरात भरभराट व्हावी म्हणून लोक नाण्याएवढं पिल्लू आणतात. भरभराट फक्त कासवाची होते, मग त्याला पिशवीत घालून नदीवर आणतात. एका बाईंना कासव सोडताना केतकीने हटकलं.

"आम्हाला काही लाभलं नाही गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नदीला तरी लाभू दे."

*

देशी कासव एकदाच दिसलं, आणि मोबाईल बाहेर काढेपर्यंत बुडी मारून गेलं. म्हणजे पुरावा शून्य. अशात काँक्रीटच्या कामाचे इंजिनिअर साहेब पाहणीला आले. काठावरूनच, नाकाला रुमाल लावून.

"मॅडम, नदी नदी काय करता? नाला आहे हा. यात काही जगत नाही."

आम्ही शेवटचा पिंजरा ओढला. आत ताटलीएवढं कासव, तेही विदेशी. मला रडूच यायचं बाकी होतं. त्याच्या पाठीवर अर्धवट पुसलेलं गुलाबी नेलपेंटचं फूल होतं. आमचं तर लाल.

साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि बुटांसकट पाण्यात उतरले.

"बंटी?"

कासवाने मान आत घेतली.

"हे फूल माझ्या मुलीने काढलेलं," साहेब म्हणाले. "तिला सांगितलंय, गावच्या तळ्यात सोडला."

साहेब वाकून पाण्याखालचा चिखल बघत राहिले.

"मॅडम, तळाला काँक्रीट झालं तर हा खाणार काय?"