खंडेनवमीचा चाबूक

आमच्या हिंडलग्याच्या घरात खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, नवऱ्याचे नटबोल्ट आवळायचे पाने आणि एक चाबूक पाटावर मांडायचो. चाबूक पाणघोड्याच्या कातड्याचा. सासऱ्यांचा आज्जा पलटणीतनं आफ्रिकेला गेलता, पुढं तिथंच गोऱ्याच्या कापसाच्या मळ्यावर राखणीला राहिला. म्हातारपणी गावी परतताना साहेबानं खूश होऊन हा चाबूक बक्षीस दिला, असं आप्पा, म्हणजे माझे सासरे, येईल त्याला सांगायचे. मला ते कातडं बघवायचं नाही, पण सुनेला कोण विचारतंय?

मागच्या खंडेनवमीला वरच्या खोलीतल्या भाडेकरूला मी जेवायला बोलावलं. टांझानियाचा पोरगा, बेळगावात नर्सिंग शिकतो. मला आक्का म्हणतो, भाकरीला नावं ठेवत नाही. पाटासमोर आला आणि तिथंच थबकला.

"आक्का, ह्याची पूजा करता?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

आप्पांनी मोठ्या तोऱ्यात बक्षिसाची गोष्ट सांगितली. पोरगा ऐकून खाली बसला. म्हणाला, माझ्या पणज्याला असल्याच चाबकानं मारलं. गोऱ्याला कापूस पाहिजे होता आणि पणज्याचा कमी भरला. दोघांनी हातपाय धरून पालथं घातलं. पाठीची सालटी निघाली, बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा वर मिठाचं पाणी ओतलं. बायकोला समोर उभं करून बघायला लावलं. पणजा तापानं फणफणून मेला. गोरा नुसता खुर्चीत बसलेला. मारणारे त्याचे नोकर, त्यात हिंदुस्तानीपण होते.

 आप्पा उठले. पंच्याऐंशीचं म्हातारं, पण अंगात वारं शिरल्यागत झालं.

"उचलली जीभ न् लावली टाळ्याला! माझ्या आज्जाला खाटीक म्हणतोस, माझ्याच घरात बसून?"

पाटावरचा चाबूक उचलला आणि सपकन पोराच्या तोंडावर ओढला. गालापासून मानेपर्यंत कातडं फाटलं. पोरगं तोंड धरून पालथं पडलं. दुसरा फटका पाठीत बसला, शर्ट चिरला, आतनं रक्त आलं. मी धावत जाऊन आप्पांचं मनगट धरलं.

"सोडा आप्पा, मरंल त्यो!"

"हो बाजूला. मधे थांबायचं न्हाय, आज्जा म्हणायचा. थांबलं की साहेब आपल्यालाच पालथं घालतोय."

बोलून गेले आणि त्यांचा हात खाली आला. माझ्याकडं बघंनात. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. आणि लग्न होऊन आल्यापासून दरसाल मी त्या चाबकाला हळदकुंकू लावत आलते.