उर्मिला मॅडमनी मागितलेली माफी

परळच्या रुग्णालयात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा उर्मिला मॅडम आमच्या हृदयरोग विभागाच्या प्रमुख होत्या. छाती न उघडता, पायाच्या शिरेतून फुगा नेऊन हृदयाची आकसलेली झडप मोकळी करण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं. ज्यांच्या हातात ते बसलं होतं अशा मोजक्या डॉक्टरांपैकी मॅडम एक. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्या कौशल्याबद्दलच लिहिणार होते, पण त्यांनी फोनवर अडवलं. "सुनंदाचं लिही. ते वगळणार असशील तर माझ्याबद्दल लिहूच नकोस."

म्हणून लिहिते आहे; पण मान वर होत नाही.

लालबागची सुनंदा गरोदर होती. जिना चढताना धाप लागते म्हणून आली होती. ओपीडीच्या गर्दीत मॅडमनी घाईघाईने छाती तपासली. "पहिलटकरीण आहेस, घाबरतेस. आराम कर." शेजारी उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काही दिवसांतच तिला उचलून आणलं, तेव्हा फुप्फुसांत पाणी भरलं होतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, आकसलेली झडप दिसली. मॅडमनी फुग्याने ती उघडली. सुनंदा वाचली. बाळ राहिलं नाही.

"अचानक बिघडलं, असं सांगू या," एक सहकारी डॉक्टर म्हणाले. मॅडम तडक वॉर्डात गेल्या आणि सुनंदाच्या सासूबाईंसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे. हिला डाव्या कुशीवर वळवून हृदयाचे ठोके ऐकले असते, तर दोष तेव्हाच कळला असता. मी ऐकलं नाही."

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून आम्हीपण पोरीला नाटकी म्हणालो, डॉक्टरीण बाय. आता तिच्या तोंडाकडे कसं बघू?"

खाटेवरून सुनंदाने हळूच विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"

"नाही गं, बाळा." मॅडम तिच्या खाटेशी वाकल्या. मागे उभ्या असलेल्या मला तोंड कुठे लपवावं कळेना.

पुढे धाप लागणाऱ्या प्रत्येक बाईला मॅडम स्वतः कुशीवर वळवून ऐकू लागल्या. इको सर्रास झाल्यावर आम्ही कुरकुरायचो, "मशीन आहे की, मॅडम." त्या म्हणत, "मशीनकडे कुणाला पाठवायचं, ते तिचं ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

दुसऱ्या खेपेस सुनंदा सुखरूप बाळंत झाली. मॅडम शेवटपर्यंत तिच्याजवळ होत्या. पेढा पुढे आला, तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. सुनंदानेच तो त्यांच्या तोंडात घातला.

मॅडम, तुमची प्रकृती ठणठणीत राहो. आपली चूक रुग्णापुढे उभं राहून सांगण्याचं बळ आम्हा शिष्यांमध्ये येईपर्यंत तरी तुम्ही आम्हाला हव्या आहात. अजून ते आलेलं नाही.